काशाची वाटी आणि सशाची तंगडी

आबांनी टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, त्यावर एकेक काडतूस उभं करून ठेवलं आणि समोर बसलेल्या पाव्हण्याला म्हणाले, "बोला डॉक्टर. सशाला ह्यातलं कुठलं?"

मी माजघराच्या दाराआड उभी होते. माझ्यापुढे आत्या उभी होती आणि तिच्या अंबाड्यामुळे मला अर्धंच टेबल दिसत होतं. इतरांच्या घरी बघण्याच्या कार्यक्रमात पोरीची परीक्षा असते. चालून दाखव, सुईत दोरा ओव, भाकरी कशी फुगते सांग. आमच्याकडे परीक्षा पोराची असायची आणि ती सशावर घ्यायची, हा आमच्या आबांचा हट्ट होता.

आबा म्हणजे सुभेदार बाजीराव जगदाळे. पलटणीतून पेन्शनीत आले ते माणदेशातल्या आमच्या वाडीत, तीन बंदुका आणि एक न वाकणारी पाठ घेऊन. शिकारीला तेव्हा बंदी नव्हती, परवाना असला म्हणजे झालं. माळावर ससे आणि तित्तर उदंड होते, आणि आबांचं एकच म्हणणं होतं, "जनावर कुणीबी मारंल. मारून त्येचं मटण शाबूत आणंल त्यो खरा शिकारी. ज्याला सशाची किंमत न्हाई, त्याला माझ्या पोरीची काय असणार?"

ह्या वाक्याचा अर्थ मला तेव्हाही नीट लागायचा नाही. ससा आणि मी एका ओळीत का, असं विचारायची सोय नव्हती.

परीक्षेचा निकाल लावायची एक काशाची वाटी होती. शिकारीचं जेवण असलं की ती पंगतीच्या मधोमध ठेवायची. जेवताना ज्याच्या दाताखाली छर्रा येईल त्यानं तो वाटीत टाकायचा. काशाचं भांडं ते, बारीकसा छर्रा पडला तरी टण्ण करून अख्ख्या घराला सांगायचं. आणि ज्याच्या बंदुकीचा छर्रा, त्यानं जेवणं झाल्यावर सगळ्या पंगतीची उष्टी ताटं उचलायची. आमच्या भावकीतल्या मिशीवाल्या बाप्यांनी ह्या नियमापायी ताटं उचललेली मी पाहिली होती. मला मागायला आलेल्या पोराला मात्र ताटं माफ. त्याच्या बाबतीत वाटी वाजली की सोयरीक मोडली.

आबांच्या स्वतःच्या शिकारीत वाटी कधी वाजायची नाही. त्याचं त्यांना फार कौतुक. "नेमच असा धरायचा की छर्रे डोक्यात बसले पायजेत," असं ते पाव्हण्यारावळ्यांना सांगायचे. खरी गोष्ट अशी होती की आबांनी आणलेला ससा आई शिजवायच्या आधी तासभर बोटांनी चाचपत बसायची. छर्रा लागला की काढून राखेच्या डब्यात टाकायची. हे मला माहीत होतं, आत्याला माहीत होतं, आणि आम्ही तिघी त्यावर कधी एक शब्द बोललो नव्हतो.

ह्या डॉक्टरच्या आधी दोघं येऊन गेले होते. पहिला स्वतःची बारा बोअर बंदूक घेऊन आला आणि सशावर एल.जी. झाडली. एल.जी. म्हणजे डुकराला घालायचे वाटाण्याएवढे छर्रे. जेवणात आत्याच्या दाढेखाली एक आला, दाढ आणि छर्रा दोन्ही तिनं वाटीत टाकले. त्या दिवशी आईनं मटणाला बोट लावलं नव्हतं. तो मुलगा तिला पसंत नव्हता.

दुसरा मोठ्या घरचा. त्यानं "छर्ऱ्याची भानगडच नको" म्हणून तीनशे पंधराची रायफल उचलली. बार तर झकास बसला. सशाचे दोन कान आणि शेपूट एवढं हाती आलं, बाकीचा ससा निवडुंगावर पसरला होता. आईनं परातीत बघून विचारलं, "कानांचा रस्सा करू का?" वाटी वाजली नाही, कारण वाजवायला कुणाच्या ताटात काही नव्हतं. पण सोयरीक बारगळली.

आणि आता हा तिसरा. रघुवीर काटकर, आमच्या भागातला गुरांचा डॉक्टर. ह्याला मी आधीच पाहिलेलं होतं. आमची म्हैस अडली तेव्हा खांद्यापर्यंत हात घालून त्यानं रेडकू ओढून काढलं होतं, आणि हात धुवायला मी तांब्या धरला तर म्हणाला, "साबण नको, आधी म्हशीला गूळ द्या. कष्ट तिनं केलेत." त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. हा गेला असता तर चौथ्याला मी उभीच राहणार नव्हते, हे मी आत्याला सांगून ठेवलं होतं.

तर टेबलावर काडतुसं उभी. लठ्ठ एल.जी., तसलंच दिसणारं पण बारीक छर्ऱ्यांचं चार नंबर, तीनशे पंधराचं लांब पितळी, आणि शेवटाला पॉइंट टू टूच्या छोट्या रायफलीची दोन चिमुकली. एकाचं टोक भरीव, दुसऱ्याच्या टोकाला खळगा.

रघुवीरनं कशालाच हात लावला नाही. त्यानं विचारलं, "सुभेदारसाहेब, खाणार कोण कोण आहे?"

आबा चमकले. आतापर्यंतच्यांनी ससा किती लांब असतो, पळता मारायचा की बसलेला, असलं विचारलं होतं.

"म्हंजी? आम्ही घरची मंडळी."

"मी खानार हाय!" आत्या दारातूनच ओरडली.

"आत्याबाई, दात किती आहेत तुम्हाला?"

"हुते बरंच. एक गेल्या साली तुमच्यासारख्याच एका पाव्हण्यानं खाल्ला."

"मग छर्रे नकोत," म्हणत त्यानं दोन्ही लठ्ठ काडतुसं बाजूला सारली. "ही लांब गोळी हरणाला ठीक, सशाला म्हणजे माशीला मुसळ. राहिली ही दोन."

"त्यातलं हे खळग्याचं घ्या," आबा अगदी मायेनं म्हणाले. मला दाराआड घाम फुटला, कारण आबा माया करायला लागले की समोरच्यानं सावध व्हावं. "ही आत गेली की फुलती. जागच्या जागी लोळवती. भरीव आरपार जाती, ससा पळाला म्हंजी?"

रघुवीरनं खळग्याचं काडतूस बोटांत धरून पाहिलं. मी आत्याच्या पाठीला चिमटा काढला, जणू तो चिमटा तिथून त्याच्यापर्यंत पोचणार होता.

"फुलते म्हणजे आत सगळं फाडत जाते," तो म्हणाला. "मांडीत लागली तर मांडी गेली, पाठीत लागली तर पाठ गेली. सशाला खाण्यासारखं तेवढंच असतं. डोक्यात काही नसतं, म्हणून गोळी डोक्यात मारायची. आणि डोक्यात मारायची तर भरीव पुरते. ती आरपार गेली तर जाऊ दे बापडी."

"आन डोकं चुकलं तर?"

"तर ससा सुटला. आपण पिठलं खायचं."

आबांच्या मिशा हलल्या. ते हसत होते की चिडत होते ते मला दिसेना, आत्याचा अंबाडा मध्ये होता. त्यांनी भरीव टोकाचं ते एक काडतूस रघुवीरच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "एकच मिळंल."

सकाळी माळावर आम्ही चौघं गेलो. खरं तर मी जाणं रीतीला धरून नव्हतं, पण आबांना लांबचं दिसेनासं झालं होतं आणि ससा हेरायला मीच लागायचे. मी बरोबर म्हणून सोबतीला आत्या, डोक्यावर छत्री धरून. एवढ्या लवाजम्यासमोर ससा बसून राहिला तर तो आंधळाच असायला हवा होता.

वाटेत ओढा लागला तसे आबा थांबले. "डॉक्टर, गेल्या हिवाळ्यात हितंच एक ससा मारला मी. पळता. चार नंबर घातलं."

"घावला कुठं पर त्यो?" आत्या म्हणाली.

"आक्का, मेला त्यो. कोल्ह्यानं न्हेला."

"बाजी, तुजा प्रत्येक न घावल्याला ससा कोल्हाच कसा न्हेतो रं?"

"माझा बार खाऊन जनावर जित्तं गेलं असं आजवर झाल्यालं न्हाई!" आबांचा आवाज एवढा चढला की पुढच्या झुडपातून चार तित्तर उडाले. ह्या मेलेल्या सशावरून बहीणभावाचं वर्षभर भांडण चाललं होतं. आत्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि चालू लागली.

ससा मलाच दिसला. तरवडाच्या बुडाशी, मातीच्याच रंगाचा, कानांच्या शेंड्यांवर ऊन पडलं होतं म्हणून कळला. मी बोटानं दाखवलं. रघुवीर परीटघडीच्या पांढऱ्या शर्टासकट मातीत पालथा झाला.

"नेम कुठे शिकला?" आबा कुजबुजले.

"कॉलेजात. एन.सी.सी.मध्ये. पुठ्ठ्यावर."

"पुठ्ठा पळत न्हाई," आबा म्हणाले आणि नेमका तेव्हाच ससा उठला. दोन उड्या मारल्या. मागचा पाय जरा उशिरा टाकत होता, तिरका तिरका. अंग अख्खं समोर होतं.

"मारा!" आबा.

रघुवीरनं मारली नाही.

"मारा की! ग्येला!"

ससा झुडपामागे गेला. आबांनी कपाळाला हात लावला. आत्या म्हणाली, "पिठलं." हा माणूस मातीत पडून नुसता वाट बघत होता, म्हशीशेजारी बसला होता तसा. मला त्याचा भयंकर राग आला. अरे, मार की, नाही लागली तर नाही लागली, निदान मला म्हणता येईल की ह्यानं प्रयत्न केला.

मग झुडपाच्या पलीकडून दोन कान वर आले, पाठोपाठ डोकं. टक असा एवढासा आवाज झाला. बार झाला असं वाटलंच नाही.

"हुकली," आबा म्हणाले.

मी आधी पळाले. ससा होता तिथंच आडवा होता. कानामागे एक बारीक भोक, पलीकडून दुसरं. बाकी अंगावर ओरखडा नाही. आबांनी त्याला उचलून उलटासुलटा केला, मांड्या दाबून पाहिल्या, आणि तीन वेळा नाक ओढलं. बरं वाटलं की ते तसं करायचे.

ससा सोलायला रघुवीरच बसला. गुरांचा डॉक्टर तो, हात सफाईनं चालत होता. आबा समोर पाटावर बसून बघत होते, सुरी कुठे चालते, कातडं कसं निघतं. मध्येच एकदा रघुवीरचा हात थांबला. मागच्या मांडीवर अंगठा ठेवून तो क्षणभर तसाच राहिला, मग पुन्हा कामाला लागला. मी पाणी ओतत होते. वाटलं, दमला असेल.

आईनं मटण चाचपलं नाही. रायफलीच्या गोळीत छर्रे कुठले? तिनं सरळ मसाल्यात टाकलं, आणि तिची पसंती मला तिच्या खोबरं भाजण्यावरून कळली.

पंगत बसली. काशाची वाटी मधोमध. आबा ताठ, कान टवकारलेले. आई वाढायला आली तसा रघुवीर म्हणाला, "तंगडी मला वाढा."

मागायला आलेला मुलगा, पहिलं जेवण, आणि तंगडी मागतो! तंगडी आमच्याकडे वडीलधाऱ्याच्या ताटात जाते, आणि आत्या तर त्या पंगतीला तंगडीसाठीच बसायची.

"कुठली बी चालंल?" आईनं विचारलं.

"डावी."

"आन मला?" आत्याचा आवाज कापरा झाला.

"तुम्हाला उजवी, आत्याबाई. ती जास्त चांगली आहे."

"मग तुमाला डावी कशापायी?"

"मला डावीच आवडते," तो खाली मान घालून म्हणाला. माझी लाजेनं मान वर होईना. गडी नेमबाज असेल, पण हावरट आहे, हे आबांच्या चेहऱ्यावर मी स्वच्छ वाचलं. हावरट तर हावरट, मी मनात म्हटलं, जन्मभर तंगड्या वाढीन, पण वाटी वाजू नको देऊस, खंडोबा.

सगळे जेवत होते आणि कुणीच बोलत नव्हतं. चावण्याचा आवाज ऐकत होते. आबा तर हाडंसुद्धा ताटातून उचलून उजेडात फिरवून बघत होते, आधी स्वतःची, मग पाव्हण्याची. अर्ध्या जेवणात रघुवीरला ठसका लागला. डोळे पाण्यानं भरले, चेहरा लाल झाला, तांब्याभर पाणी घटाघट पिऊन गेला.

"तिखट लागलं जणू," आत्या समाधानानं म्हणाली. तंगडीचा राग तिच्या मनातून गेला नव्हता.

जेवणं झाली. आबांनी वाटी उचलली, सगळ्यांसमोर उपडी केली, बुडावर थाप मारली. काही पडलं नाही. "डॉक्टर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा फाटला, "आता सुपारी फोडू."

मी स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढे बसून रडले. आई म्हणाली, "धूर झालाय खरा," आणि चूल तर विझलेली होती.

लग्न झालं. तंगडीचा विषय मी नव्या नवरीच्या पहिल्या महिन्यातच काढला, तर म्हणाला, "होतो मी थोडा हावरट." पुढे मी बघत राहिले. कधी कुठल्या पंगतीत ह्या माणसानं काही मागून घेतलं नाही. पुढ्यात येईल ते खायचा. मी तो विषय सोडून दिला.

पुढे शिकारीला बंदी आली, आबांनी बंदुका सरकारजमा केल्या. आमची मुलगी शाळेत जायला लागली होती त्या सुमारास रघुवीरचं पोट दुखायला लागलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि फिल्म उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले. पोटात उजवीकडे खाली एक गोल पांढरा ठिपका होता.

"काटकर, तुम्हाला कधी बंदुकीची गोळी लागली होती का?"

"लागली नव्हती," रघुवीर कण्हत म्हणाला. "खाल्ली होती."

डॉक्टर बाहेर गेल्यावर मी त्याच्या छातीवर बसायचीच बाकी होते. तेव्हा त्यानं सांगितलं. सोलताना त्याच्या अंगठ्याला मांडीत खडा लागला होता. जखम केव्हाच भरून आलेली, वरून मांस धरलेलं. लंगडत का होता ससा, ते त्याला तिथंच कळलं. काढून टाकावा तर आबा समोर डोळे लावून बसलेले.

"मग वाटीत टाकायचास की! तुझ्या रायफलीतून छर्रा कसा येईल? तुझा नव्हताच तो!"

"म्हणून तर. माझा नव्हता म्हटलं की कुणाचा होता ते निघालं असतं. लेक मागायला आलोय आणि भर पंगतीत तुझ्या आबांना खोटं पाडू? आणि आत्याबाई समोर बसलेल्या. बाहेर काढून लपवावं तर मामा हाडंसुद्धा तपासत होते. म्हटलं, गिळून टाकू, उद्या जाईल निघून. हा बसला आतड्याच्या कोपऱ्यात." मग माझा हात धरून म्हणाला, "मामांना कळू देऊ नकोस."

मी शपथ घेतली आणि डोळे पुसत होते, तेवढ्यात आबा आणि आत्या मोसंब्यांची पिशवी घेऊन दारात. आबा आता पाठीत थोडे वाकले होते, डोळ्यांना जाड भिंगं. उशाशी फिल्म होती. मी उचलायच्या आत त्यांनी घेतली आणि खिडकीशी धरली.

जन्मभर काडतुसं भरलेला माणूस. त्यांनी तो ठिपका बघितला, रघुवीरकडे बघितलं, पुन्हा ठिपका बघितला.

"तंगडी मागून घितली हुती तुमी," ते हळूच म्हणाले. "डावी."

रघुवीर छताकडे बघत होता.

"काय वं? काय झालं?" आत्या विचारायला लागली. आबांनी फिल्म तिच्या हातात दिली. तिला एक्स-रेमधलं काय कळणार, पण तो गोल ठिपका तिनं ओळखला, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तो जन्मात विसरणार नाही.

"बाजी! तुजा मेल्याला ससा!"

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी छर्रा बारक्या बाटलीत घालून दिला. रघुवीर हिंडाफिरायला लागल्यावर आबांनी आम्हाला वाडीला जेवायला बोलावलं. मटण बोकडाचं होतं. तरी पंगतीच्या मधोमध काशाची वाटी बघून मी दचकले. कितीतरी वर्षांत ती कुणी काढली नव्हती, चिंच लावून लखलखीत घासलेली होती.

सगळे बसल्यावर आबांनी खिशातून बाटली काढली, छर्रा तळहातावर घेतला, अंगठ्यानं फिरवला. "चार नंबर," म्हणाले, आणि वाटीत टाकला.

टण्ण.

ज्या आवाजाला मी त्या दिवशी एवढी भ्याले होते तो आवाज तो. माझी मुलगी टाळ्या वाजवून हसली. जेवणं झाली तसे आबा गुडघ्यावर हात रेटून उठले, धोतराचा सोगा खोचला आणि जावयाच्या ताटाला हात घातला.

"मामा, राहू द्या!"

"हात काढा जावईबापू. नियम म्हंजी नियम." ताट उचलता उचलता त्यांनी विचारलं, "कशी हुती तंगडी?"

"चव छान होती मामा. पचायला जड गेली."

आबांनी त्याचं ताट उचललं, माझं उचललं, नातीचं उचललं. आत्या मात्र मुद्दाम एकेक शीत वेचून खात बसली. "थांब जरा. माजं व्हायचंय अजून," ती म्हणाली, आणि सुभेदारसाहेब ताटांची चवड घेऊन तिच्यासमोर निमूट उभे राहिले.

शेवटी आई राहिली. तिनं आपलं ताट पोटाशी धरलं. "माजं नका उचलू. कसं दिसतंय ते."

"दे हिकडं," आबा म्हणाले. मग जरा थांबून, "राखंनं भांडी घासताना तांब्याला चरे कशानं पडायचे, ते म्हाईत हाय मला."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "कवापासनं?"

"लगीन झाल्यापासनं."

आत्याचा घास हातात तसाच राहिला. आईनं ताट पुढे केलं. आबांनी ते चवडीवर ठेवलं आणि न्हाणीकडे चालू लागले.

"एका छर्ऱ्याची काढली आज," ते पाठमोरेच म्हणाले. "राखंतल्यांची ऱ्हायलीत."

आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. पण दुसऱ्या दिवशी न्याहारी झाली आणि आई उठायच्या आत त्यांनी तिच्या ताटाला हात घातला. पुढे चालता येत होतं तोवर ते कधी चुकले नाहीत.